आयकिडो आणि सदाका
(देरा, दुबई येथील मराठी भाषिक कुटुंबांपुढे केलेले भाषण)



देऱ्यात परवान्यावाचून वर्गणी गोळा करता येत नाही, हे आपण जाणतोच. गावाकडच्यासारखे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे येथे गुन्हा ठरेल. मग परदेशी राहून सदाका करावी तरी कशी? या प्रश्नाला एका आयकिडो शिक्षकाने आपल्या आयुष्यातून दिलेले उत्तर मला मोलाचे वाटते.

डोनाल्ड लेविन (१९३१-२०१५) हे शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक. आडनावावरून कूळ आपण ओळखले असेलच. इथिओपिया हा त्यांच्या अभ्यासाचा देश; त्यावरील त्यांचा पहिला ग्रंथ १९६५ साली निघाला. प्रौढपणी ते आयकिडोकडे वळले आणि विद्यापीठातही संघर्षशास्त्राबरोबर ती विद्या शिकवू लागले.

जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी घडविलेल्या या विद्येत सहसा स्पर्धा नसते. सराव जोडीने होतो. एक जण हल्ला करतो आणि पडतो, दुसरा त्याला पाडतो. थोड्या वेळाने भूमिका बदलतात. पाडणाऱ्यालाही पडावे लागते, म्हणून प्रथम इजा न होता पडणेच शिकवितात. पाहणाऱ्याला हे लुटुपुटूचे वाटते. मनगट धरले जाताच तो समज जातो!

ही विद्या आखाड्याबाहेर नेण्यासाठी लेविन यांनी 'आयकी एक्स्टेन्शन्स' ही संस्था स्थापिली. २००५ साली सायप्रसमधील निकोसिया येथे तिच्या शिबिरात इस्रायली आणि पॅलेस्टिनी एकाच चटईवर उतरले. एकमेकांचे शरीर सांभाळल्यावाचून तेथे सरावच होत नाही. इथिओपियातील आवासा शहरी सर्कस करणाऱ्या तरुणांच्या केंद्रालाही संस्थेने हात दिला. त्यांच्यातील तेस्फाये तेकेलू आयकिडो शिकून ब्लॅक बेल्ट झाला आणि स्वतः मुलांना शिकवू लागला. मला निकोसियापेक्षा आवासाचे काम मोठे वाटते. शिबिर संपते, पाहुणे घरी जातात. शिक्षक मात्र गावातच राहतो.

रांबामने सदाकेच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजूला कर्ज, भागीदारी वा काम देऊन असे उभे करणे, की त्याला पुन्हा मागावे लागू नये.

आपल्यात हिशेब, शिवण, इंग्रजी, संगणक जाणणारे पुष्कळ आहेत. येथे स्वयंसेवेचीही रीतसर नोंदणी लागते. म्हणून जे आठवड्याला दोन तास शिकवू शकतील, त्यांनी सभेनंतर आपले नाव आणि विषय चिटणिसांकडे लिहून द्यावा.