प्रत्यक्ष नृत्यगायन आणि आमची मुले
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमची हयात शाळेत गेली. त्या अनुभवाच्या बळावर एकच विचार मांडतो. भूगोलाच्या पुस्तकाने परदेशांची नावे कळतात. तेथील माणसे कळावयाची तर त्यांचे नृत्य व गायनवादन मुलांनी समोर बसून पाहिले-ऐकले पाहिजे.

स्पेन देशाचे उदाहरण घेऊ. त्याची राजधानी माद्रिद, हे मुलगा पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या देशाच्या दक्षिणेस, अंदालुसिया प्रांतात, फ्लामेंको नावाचे नृत्यगायन आहे. नर्तक कठीण टाचांचे जोडे घालून लाकडी फळ्यांवर पदाघात करतो. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' स्थापन केलेल्या या पुण्याला कथकाचा तत्कार नवा नाही. कथकात पाय अनवाणी आणि घुंगरू बांधलेले, तेथे पायांत जोडा. परंतु दोहोंत पाऊल हेच तालवाद्य होते.

फ्लामेंकोच्या सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते. आमच्या एकतालातही बाराच. एकतालात टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या व अकराव्या मात्रेवर पडते. सोलेआत जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर येतो. ज्या मुलाने हे दोन्ही ताल हातांनी धरले, त्याला साम्य आणि भेद एकाच वेळी कळले. हे काम नकाशाने होत नाही.

या नृत्याला ज्यांनी आकार दिला, त्यांत रोमा लोक प्रमुख होत. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले, असे भाषेच्या पुराव्यावरून अभ्यासक मानतात. युरोपातील रोमांच्या भाषेत दोनाला 'दुय' आणि पाचाला 'पांज' म्हणतात. मात्र एवढ्यावरून 'फ्लामेंको आमचेच' अशी बढाई मुलांना शिकवू नये. अरब, यहुदी आणि अंदालुसियातील रहिवासी यांच्या संगीताचेही संस्कार त्यावर आहेत. उलट, ज्या पायपेटीच्या सुरांवर आमची नाट्यपदे रंगली, ती पेटी युरोपातून आली. देणेघेणे दोन्ही बाजूंचे आहे.

कोणी म्हणेल, आता सारे जग मोबाईलवर फुकट दिसते. मग हा खटाटोप कशाला? खरे आहे, दिसते. पण पडद्यावरील नर्तकाचा श्वास ऐकू येत नाही, त्याच्या पदाघाताने आपल्या पायांखालची जमीन हादरत नाही आणि मुलाला त्याला प्रश्न विचारता येत नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्ये मुलांना अवश्य दाखवावीत. पण वाजणारे वाद्य ऐकल्यावाचून त्यांचे मर्म उमगत नाही. हे ओळखूनच डॉ. किरण सेठ यांनी १९७७ साली 'स्पिक मॅके' ही चळवळ सुरू केली आणि थोर कलावंतांना विद्यार्थ्यांपुढे शाळा-महाविद्यालयांत आणून बसविले.

'आधी आपले येऊ द्या', हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ज्याला एकताल ठाऊक नाही, त्याला परक्याच्या बारा मात्रा काय समजणार? परंतु 'आधी' म्हणजे 'केवळ' नव्हे. ज्ञातिसंस्था मुलांना आधार देऊन जगात धाडण्यासाठी असते, कुंपणात राखण्यासाठी नव्हे. आज आपली मुले जर्मनीत, जपानात, अमेरिकेत नोकरीस जातात. शेजाऱ्याच्या गाण्याला आणि पेहरावाला हसणारा मुलगा पदवी घेऊनही अडाणीच राहिला, असे आम्ही समजतो.

म्हणून नम्र सूचना अशी. आपल्या स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते लावून मुलांना नाचविण्यात जो खर्च होतो, त्यातील काही भाग वाचवून पुढील वर्षी एक संध्याकाळ राखून ठेवावी. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आपल्या देशाचे गाणे-नाचणे येते, त्यांना आणि आपल्याकडील एका कलावंताला सन्मानाने बोलवावे. मानधन अवश्य द्यावे. कला फुकट मागू नये. मुलांना पुढे बसवावे, खुर्च्या मागे ठेवाव्यात. आरंभी ताल धरावयास शिकवावे आणि शेवटी अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा सोडावा. त्या वेळी मोठ्यांनी मध्ये बोलू नये!

कार्यकारी मंडळ या सूचनेचा विचार करील, अशी आशा बाळगतो.