अनोळखी गाण्याशी ओळख कशी करावी?
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही गवई नाही, साधे श्रोते आहोत. तरीही विद्यार्थी आम्हाला विचारतात, "शास्त्रीय गाणे ऐकायचे तर सुरुवात कोठून करावी?" या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, "ते आपल्यासाठी आहे का?" त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी देतो.

ज्या शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या, त्यांनीच उस्ताद अल्लादियाखाँ यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. उत्तरेकडून आलेला हा थोर मुसलमान गवई कोल्हापूरचा झाला. त्यांची गायकी जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखली जाते. ती पुढे नेली कोणी? गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी, आणि धारवाडकडच्या कानडी मुलखातील मल्लिकार्जुन मन्सूर यांनी. ज्या स्त्रियांच्या गळ्याचे कौतुक व्हायचे, पण ज्यांना घरात मानाचे पान मिळत नसे, त्यांनी हे गाणे शिखरावर नेले. केसरबाईंना १९६९ साली आणि मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. तेव्हा हे गाणे कोणा एका जातीची वा धर्माची मालमत्ता नाही. ते ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता पहिला प्रश्न. नवा माणूस बहुधा दीड तासाच्या मैफलीपासून सुरुवात करतो, अर्ध्या तासात कंटाळतो आणि "आपल्याला त्यातले कळत नाही" असे ठरवून मोकळा होतो. आमचे सांगणे असे की, मैफल ज्या भैरवीने संपते, त्या भैरवीपासून आपण आरंभ करावा. भैरवीचे स्वर आपल्या कानाला परके नाहीत, चित्रपटगीतांतून ते आपण लहानपणापासून ऐकले आहेत. केसरबाईंची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका अवघी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात पाठवली, तेव्हा पृथ्वीच्या संगीताचा नमुना म्हणून बाख आणि बीथोवन यांच्याबरोबर हीच भैरवी सोनेरी तबकडीवर घातली. त्याच वर्षी केसरबाई निवर्तल्या. एवढ्या दूर गेलेले गाणे आपल्या घरात यायला काय हरकत आहे?

ही साडेतीन मिनिटे तीन वेळा ऐकावीत. पहिल्यांदा नुसता आवाज ऐकावा. दुसऱ्यांदा तबल्याकडे लक्ष द्यावे आणि गाणारी पुन्हापुन्हा कोणत्या ठिकाणी येऊन टेकते ते पाहावे. ती सम. तिसऱ्यांदा दोन समांच्या मध्ये ती काय करते ते ऐकावे. सम सापडली की निम्मी भीती गेली म्हणून समजा.

दुसरी पायरी भूप रागाची. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर. 'ज्योती कलश छलके' हे १९६१ सालच्या 'भाभी की चूडियाँ' या चित्रपटातील लताबाईंचे गाणे बहुतेकांना पाठ असते. त्याचे संगीतकार सुधीर फडके १९१९ साली आपल्या कोल्हापुरातच जन्मले. ते गाणे ऐकून लगेच मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या किशोरी आमोणकर यांचा भूप ऐकावा. ओळखीच्या स्वरांचा केवढा विस्तार होतो ते तेथे दिसेल. जाणकार मंडळी त्या चित्रपटगीतात भूप की देशकार असा वाद घालतात, कारण दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत. भूपात जोर गंधारावर, देशकारात धैवतावर. हा फरक कानाला जाणवला की राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे न शिकवता कळते.

मन्सूरांकडे त्यानंतर जावे. अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे ते शिकले. जोडराग आणि अनवट राग हे या घराण्याचे वैभव, पण ते पहिल्या दिवशी पचत नाही. आधी भैरवी, मग भूप, मग अनवट राग, ही चढण सोपी पडते.

आता नाण्याची दुसरी बाजू. सभागृहात बसून ख्याल ऐकणाऱ्या कितीजणांनी वामनदादा कर्डक ऐकले आहेत? त्यांनाही सुरुवात कोठून करावी ते सांगणारा कोणी हवाच. अशांना आम्ही म्हणतो, प्रल्हाद शिंदे यांच्यापासून करा. त्यांची विठ्ठलाची गाणी तुम्ही ऐकलीच आहेत. तोच आवाज भीमगीतात ऐका. मग विठ्ठल उमप ऐका. शाहिरी, कव्वाली, 'जांभूळ आख्यान' असे एका गळ्याचे अनेक रंग दिसतील. शेवटी वामनदादांकडे या, आणि तेथे आधी शब्दांकडे लक्ष द्या. ख्यालात शब्द थोडे आणि स्वरांचा विस्तार मोठा. येथे चाल सोपी असते, कारण गाणे ऐकणाऱ्याच्या तोंडी बसून गावोगाव पोचवायचे असते. ख्यालाच्या मापाने भीमगीत मोजणे आणि भीमगीताच्या मापाने ख्याल मोजणे, दोन्ही अन्यायच.

विद्यार्थी मित्रहो, आज मोबाईलवर सारे गाणे हाताशी आहे, आणि म्हणूनच अडचण आहे. दहा सेकंद ऐकून बोट पुढे सरकते. म्हणून महिनाभर एकच कलावंत धरावा. वहीत चार ओळी लिहाव्यात : काय ऐकले, कोणाचे, काय आवडले, काय उमगले नाही. नाही आवडले तर निःसंकोच सोडून द्यावे, पण तीनदा ऐकल्याशिवाय सोडू नये. आणि जमेल तेव्हा गाणे समोर बसून ऐकावे, मग तो देवल क्लब असो की गल्लीतला जलसा.

ज्ञानाची दारे जशी आपण एकेक करून उघडली, तसेच हेही दार आहे. ते ढकलून पाहावे, आणि आत गेल्यावर मागच्यासाठी उघडे ठेवावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.