उतारवयातील एकट्याचा प्रवास



१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी एस. टी. गाडी सुटली. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. त्या वर्षी जन्मलेली माणसे आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत आणि मौज अशी की, तीच एस. टी. आता त्यांच्याकडून तिकिटाचा पैसा घेत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या हद्दीत पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तरच्या मंडळींना अर्धे भाडे. आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना वयाची अट न घालता अर्धे भाडे आले. गाडी गावात आली, भाड्याचीही चिंता हलकी झाली. मग अडते कुठे?

अडते ते उंबऱ्याशी. "आई, या वयात एकटी कुठं निघालीस? वाटेत काही झालं म्हणजे?" असे मुलगा म्हणतो. त्याची काळजी खोटी नाही. पण सोबत मिळेल तेव्हाच निघायचे असे ठरवले, तर पुष्कळांना घरीच बसावे लागते. जोडीदार निघून गेलेला, मुले पोटापाण्यासाठी शहरात. सोबतीला यायचे कोणी? पंढरीचे दर्शन, धाकट्या बहिणीची भेट, माहेरची वाट, सारे 'पुढच्या वर्षी'वर पडते. आणि या वयात पुढचे वर्ष कोणी लिहून दिलेले नसते.

पूर्वी माणूस काशीला निघाला की घरादाराची निरवानिरव करून निघे आणि सुखरूप परतला की गावाला मावंदे घाली. आज वाट सोपी झाली, धास्ती मात्र उरली. धास्तीवर उपाय एकच, तो म्हणजे तयारी.

पहिली गोष्ट, एकदम लांबचा पल्ला गाठू नका. आधी तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत या. मग एक मुक्काम करून पाहा. पायाखालची वाट झाली की मन आपोआप धीट होते. दूर जाण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. पहाटेची वा सकाळची गाडी धरा. दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचाल असा बेत करा. धर्मशाळा किंवा भक्तनिवास असेल, तर आधी फोन करून एक प्रश्न नक्की विचारा: एकट्या माणसाला खोली देता ना? काही ठिकाणी देत नाहीत, आणि ते रात्री दारात उभे राहिल्यावर कळणे वाईट.

सामान एवढेच घ्या की, ते स्वतःला उचलून गाडीत चढवता येईल. औषधे मोठ्या पिशवीत नकोत, हाताशी हवीत. आणि दोन दिवसांची जास्त हवीत. मधुमेह असेल तर चार खडे साखर जवळ ठेवा. पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. थोडे बटव्यात, थोडे आतल्या खिशात. आधार कार्ड बरोबर हवेच. सवलत मागताना वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

आता एक नाजूक गोष्ट. स्टँडवरच्या सोयीची धास्ती घेऊन पुष्कळ बायका घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडले की भोवळ येते, आणि माणूस पायरीवरून कोसळतो. तेव्हा घोट घोट पाणी पीत राहा आणि गाडी जिथे थांबेल तिथे लाज न धरता जाऊन या. फार वेळ एका जागी बसल्याने पायांत रक्त साखळण्याचा धोका असतो. म्हणून बसल्या बसल्या घोटे फिरवा, आणि गाडी थांबली म्हणजे चार पावले चाला. गाडी पुरती थांबल्याशिवाय जागेवरून उठू नका. कुठे उतरायचे ते कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा.

रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तरी तिकीट काढताना वय बरोबर लिहा. शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. गाडीत चार माणसांशी जरूर बोला, प्रवासाची निम्मी गोडी त्यातच आहे. पण अनोळखी माणसाने दिलेले खाऊ-पिऊ नका, आणि घरी कोण कोण आहे, जवळ किती पैसे आहेत, हे सांगत बसू नका. रेल्वेत अडचण आली तर १३९, कुठेही संकट आले तर ११२, आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, हे तीन आकडे फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. एका तासाला मुलांना आपल्या आजी-आजोबांसाठी एक चिठ्ठी तयार करायला सांगा. तिच्यात नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट, आजार आणि चालू औषधे एवढे असावे. मुलांना सुवाच्य लेखनाचा धडा मिळेल, आणि ती चिठ्ठी एखाद्या दिवशी कुणाचा जीव वाचवील.

आणि मुलासुनांनो, तुम्ही "जाऊ नका" म्हणण्याऐवजी "पोचलात की फोन करा" म्हणा. फोनची वेळ ठरवून घ्या; सकाळी एकदा, रात्री एकदा पुरे. दर तासाला विचारपूस केली, तर प्रवासाची चव जाते.

एकट्याच्या प्रवासात एक सुख असे आहे की, कुणाची घाई नसते. चंद्रभागेच्या वाळवंटात तासभर नुसते बसावेसे वाटले, तर बसता येते. दहा ठिकाणे पळत पाहण्यापेक्षा दोनच निवांत पाहा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्या. हे चार दिवस आपल्या पायांच्या चालीने चाला.