नाईलकाठचे प्रांत आणि त्यांचे देव

प्राचीन इजिप्तचा नकाशा उघडला की नाईलच्या दोन्ही काठांवर लहान लहान प्रांत आखलेले दिसतात. दक्षिणेच्या चिंचोळ्या खोऱ्यात २२ आणि उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशात २०, असे एकूण ४२. ग्रीकांनी त्यांना ‘नोम’ म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. प्रत्येक प्रांताला काठीवर उभारलेले एक निशाण, एक मुख्य नगर आणि एक मुख्य देव. निशाणांत ससा आहे, हरिण आहे, कोल्हा, साप आणि मासाही आहे. देवांत मेंढ्याच्या तोंडाचा खनूम, मगररूपी सोबेक, धनुष्यबाणाची देवी नीथ, लेखनाचा देव थोथ असे नाना प्रकार. एवढे पाहिले की मनात एक कथा आपोआप तयार होते. आधी टोळ्या होत्या, प्रत्येक टोळीचा आपला प्राणी आणि आपला देव होता. पुढे टोळीचा प्रांत झाला आणि प्रांत जोडत जोडत राज्य उभे राहिले. कुर्ट झेटे या मोठ्या जर्मन पंडितांनी १९३० साली याच वाटेने जाऊन देवांच्या कथांमधून राज्यपूर्व काळाचा राजकीय इतिहास उभा केला. कथा आटोपशीर आहे, आणि म्हणूनच ती इतकी टिकली. पण पुरावा तिच्या बाजूने फारसा बोलत नाही. देव जुने असतील. पण अमुक देव अमुक प्रांताचा, ही जोडी राज्याच्या कारभारातून घडली, असे मला वाटते.

पहिली अडचण खुद्द निशाणांचीच आहे. निशाण हे जर टोळीच्या देवाचे चिन्ह असते, तर निशाण आणि मुख्य देव जुळायला हवे होते. दक्षिणेच्या पंधराव्या प्रांताचे निशाण ससा. पण तिथल्या मुख्य नगरात, म्हणजे ग्रीकांच्या हर्मोपोलिसमध्ये, राज्य चालते थोथचे, आणि थोथची रूपे आयबिस पक्षी व वानर. सोळाव्या प्रांताचे निशाण हरिण, मुख्य देव मात्र ससाण्याच्या रूपातला होरस. दुसरी अडचण याहून मोठी आहे. उत्तरेत नीथचे चिन्ह एका नव्हे, दोन प्रांतांवर आहे: चौथ्याचे नाव दक्षिण नीथ, पाचव्याचे उत्तर नीथ. दक्षिणेतही तेरावा आणि चौदावा, विसावा आणि एकविसावा, या जोड्या एकाच नावाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करून झाल्या आहेत. टोळी फुटली तर ती वेगळे नाव घेईल, वेगळा पूर्वज सांगेल. पुढचा भाग आणि मागचा भाग अशी वाटणी दप्तरात होते.

मेनकौरे राजाच्या, म्हणजे गिझाच्या तिसऱ्या पिरॅमिडच्या धन्याच्या, दरी-मंदिरात अमेरिकन उत्खननकर्ते जॉर्ज राइसनर यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही अप्रतिम त्रिमूर्ती मिळाल्या. त्या इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या. राजा, हाथोर देवी आणि शेजारी एखाद्या प्रांताची मूर्ती, अशी त्यांची रचना. या मूर्तींकडे नीट पाहावे. सशाच्या प्रांताच्या त्रिमूर्तीत थोथ कुठेही नाही. डोक्यावर सशाचे निशाण घेतलेली एक स्त्री आहे, ती म्हणजे प्रांत. प्रत्येक त्रिमूर्तीत देवता तीच, राजदरबारात मानलेली हाथोर. आणि लेख काय सांगतो? प्रांत राजाला आपल्याकडच्या चांगल्या वस्तू अर्पण करतो आहे. त्याआधी स्नेफ्रू राजाच्या दहशूर येथील मंदिरातही राजाच्या जमिनी स्त्रीरूपात, प्रांतवार ओळीने, खाद्यपदार्थ घेऊन येताना कोरल्या आहेत. पिरॅमिडच्या काळी प्रांत डोळ्यांपुढे येतो तो असा: पुरवठा करणारा प्रदेश म्हणून. त्याचा स्वतःचा देव अजून चित्रात पुढे आलेला नाही.

प्रांत मुळात कशासाठी होते, हे समजायला नाईलचा पूर लक्षात घ्यावा लागतो. दरवर्षी पाणी चढायचे, बांधांनी अडवलेल्या शेतांत साचायचे, ओसरताना गाळ ठेवून जायचे. कोणत्या शेताला किती पाणी मिळाले यावर सारा ठरायचा, म्हणून हद्दी पक्क्या हव्या होत्या. बेनी हसन येथील खनूमहोतेप दुसरा याच्या थडग्यातला मोठा लेख, इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपासचा, याची उत्तम साक्ष देतो. पहिल्या आमेनेमहात राजाने खनूमहोतेपच्या आजोबांच्या प्रदेशाच्या हद्दी कशा ठरवून दिल्या, हे तो सांगतो: सीमाशिला रोवल्या, नदी मध्यावर विभागली, पाणी, शेते, झाडे आणि वाळवंटापर्यंतची वाळू वाटून दिली, आणि हे सारे जुन्या लेखांत होते तसे. जुन्या लेखांचा हा हवाला महत्त्वाचा आहे; हद्दीचा आधार कागदपत्र होते. त्याच सुमाराच्या पहिल्या सेनुस्रेतच्या कर्नाक येथील पांढऱ्या मंडपावर प्रांतांची यादी कोरली आहे, ती मापांसकट. देशाची लांबी १०६ इतेरू. एक इतेरू म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर. पुराच्या उंचीचीही तिथे नोंद आहे. आता ही इमारत अतिशय पवित्र, उत्सवासाठी बांधलेली. तिच्या पायथ्याशी मोजणी खात्याचा तक्ता लावावा असे त्यांना वाटले, यातच बरेच काही आले. उत्तरेतील प्रांतांची संख्या त्या यादीत अजून विसापर्यंत पोचलेलीही नाही. गाळाच्या प्रदेशात नवी जमीन लागवडीखाली येत गेली तसे प्रांत वाढत गेले.

मग या मोजणीत देव आला कसा? तो आला देवळाच्या मार्गाने, कारण देऊळ हे कारभाराचे ठाणे होते. जुन्या राज्यात, चौथ्या राजवंशाच्या सुरुवातीला, मेत्जेन नावाच्या अधिकाऱ्याने आपली कारकीर्द थडग्याच्या भिंतींवर कोरून ठेवली. त्याच्याकडे वेगवेगळ्या प्रांतांतली पदे होती. कुठल्याही एका मातीशी तो बांधलेला नव्हता. पुढे पाचव्या-सहाव्या राजवंशात अधिकारी प्रांतातच राहू लागले, तिथेच थडगी बांधू लागले, पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. आणि याच काळात प्रांताचा प्रमुख हाच तिथल्या पुजाऱ्यांचाही प्रमुख, ही जोडी पक्की झाली. पुढच्या काळातला अस्यूतचा प्रांतप्रमुख हापीजेफा याने वेपवावेत देवाच्या पुजाऱ्यांशी केलेले दहा करार त्याच्या थडग्यात आहेत, आणि माझ्या मते प्राचीन काळातल्या धर्मव्यवहारावर याहून बोलका दस्तऐवज क्वचितच असेल. आपल्या पुतळ्यापुढे सणाच्या रात्री वाती लावाव्यात, भाकरी ठेवावी, यासाठी तो मोबदला मोजतो. मोबदला ‘देवळाच्या दिवसां’त आहे, आणि देवळाचा एक दिवस म्हणजे वार्षिक उत्पन्नाचा ३६० वा भाग, अशी व्याख्याही तो देतो. त्यापुढे जाऊन, वडिलांच्या घरचे काय आणि अधिकारपदाचे काय, हेही तो वेगळे करतो. पदाच्या मालमत्तेतून दिलेले पुढचा अधिकारी परत घेऊ शकेल, ही भीती त्याला आहे. वेपवावेत त्याचा देव होता यात शंका नाही. पण ते नाते वतन, हिशेब आणि पद यांच्यातून गेलेले आहे. दक्षिणेच्या पाचव्या प्रांतातील कोप्टोसचेही तसेच. तिथल्या मिन देवाच्या देवळाला दुसऱ्या पेपीने सनदा दिल्या आणि देवळाच्या माणसांना वेठीतून सूट दिली. कोप्टोसहून वादी हम्मामातमार्गे दगडाच्या खाणींकडे आणि लाल समुद्राकडे वाट जाते. ज्या गावावर मोहिमांची सारी भिस्त, त्या गावच्या देवाला राजा अंतर देईल कसा?

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे. देव काही राज्याने निर्माण केले नाहीत. ते आधीपासूनच होते. आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर जर्मन उत्खननात सातेत देवीचे मूळ ठाणे सापडले. ग्रॅनाइटच्या मोठ्या धोंड्यांमधली एक कपार, पुढे मातीच्या विटांचा लहानसा आडोसा, आणि लोकांनी वाहिलेल्या छोट्या छोट्या वस्तूंचा ढीग. आपल्याकडच्या वेशीबाहेरच्या ग्रामदैवताची आठवण व्हावी असेच हे दृश्य. हे मला पूर्ण मान्य आहे. पण याच ठाण्याची पुढची हकीकत पाहा. जवळजवळ हजार वर्षे ते तसेच लहान राहिले. पिरॅमिड बांधणाऱ्या राजांनी लाखो टन दगड हलवला, पण या देवीसाठी देऊळ म्हणावे असे काही बांधले नाही. राजांच्या देणग्या आणि नावे सहाव्या राजवंशात दिसू लागतात आणि दगडी देऊळ मध्य राज्यात येते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बॅरी केम्प यांनी अशाच ठाण्यांवरून दाखवले आहे की मूळची स्थानिक देवस्थाने एकमेकांसारखी नव्हती आणि दरबारी साच्यात ती उशिरा बसवली गेली. धोंड्यांतली देवी आणि पहिल्या प्रांताची अधिकृत स्वामिनी, या दोन अवस्थांमध्ये राज्य उभे आहे. शिवाय देव बदलतही. थेबिसच्या प्रांतात आधी माँटूचा मान होता. तिथल्या घराण्यांनी सत्ता मिळवल्यावर आमोन पुढे आला आणि माँटू बाजूला सरकला. मेंडेसच्या निशाणावर मत्स्यदेवी हातमेहित शेवटपर्यंत राहिली, पण देऊळ झाले मेंढ्याच्या रूपातल्या बानेबजेदचे. हातमेहितला त्याची पत्नी करून टाकले.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूचा. सिसिलीचा डायोडोरस इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सांगतो की कुणा चतुर राजाने मुद्दाम प्रत्येक भागाला वेगळा प्राणी पूजायला लावला, म्हणजे शेजारी एकमेकांचा तिरस्कार करतील आणि राजाविरुद्ध कधी एक होणार नाहीत. माझ्या मांडणीला हे सोयीचे वाटेल, पण मी ते घेणार नाही. याला इजिप्शियन लेखांचा काडीचा आधार नाही, आणि देवळांच्या भिंती नेमके उलट सांगतात: कोणत्याही प्रांताच्या कोणत्याही देवापुढे नैवेद्य धरणारा एकच, तो म्हणजे राजा. फूट पाडायची तर प्रत्येक देवाचा मुख्य पुजारी स्वतःच कशाला व्हायचे? वैर होते हे खरे. हेरोडोटस सांगतो की थेबिसचे लोक मेंढा मारत नाहीत, बकरा मारतात. मेंडेसचे बकरा मारत नाहीत, मेंढा मारतात. (पुतळे मेंडेसला मेंढाच दाखवतात, ग्रीक पाहुण्याचा बहुधा घोटाळा झाला.) इसिस आणि ओसायरिस मात्र सगळ्यांचे, असेही तोच सांगतो. प्लूटार्कने आपल्या काळची एक मारामारी नोंदवली आहे. सायनोपोलिसच्या लोकांनी ऑक्सिरिंकसचा पवित्र मासा खाल्ला, म्हणून ऑक्सिरिंकसवाल्यांनी त्यांची कुत्री धरून बळी दिली आणि खाल्ली. शेवटी रोमन सत्तेने दोघांनाही शिक्षा केली. याला टोळीयुगाचा अवशेष म्हणणारे आहेत. पण रॅमेसेसांच्या काळात ऑक्सिरिंकसच्या प्रांताचे महत्त्वाचे नगर स्पेरमेरू होते आणि तिथला देव सेत. मासा आणि त्याचे गाव पुढे मोठे झाले. सजीव प्राण्यांच्या पूजेचा बहरही इजिप्तच्या उत्तरकाळातला आहे. भांडण खरे, तीव्र. पण पुरातन नव्हे.

कारभार आणि देव यांची ही गाठ किती घट्ट बसली होती, हे एडफूच्या देवळात दिसते. ते बांधले टॉलेमी घराण्याने, इसवी सनापूर्वी २३७ पासून. त्याच्या भिंतींवर प्रांतवार नोंदी आहेत: तिथला ओसायरिसचा अवशेष कोणता, पुजाऱ्याचे पद काय, नौका कोणती, पवित्र झाड कोणते, सण कधी, निषिद्ध काय. आणि पायथ्याच्या मिरवणुकीत प्रत्येक प्रांतासाठी चार मूर्ती चालतात: प्रांत, त्याचा कालवा, त्याची शेतजमीन, त्याची पाणथळ जमीन. ही देवळाची भिंत आहे की महसुलाचे दप्तर, असा प्रश्न कुणी विचारला तर पुजाऱ्याला त्यातला फरक बहुधा कळलाच नसता.

राज्यकर्ते परके झाले तरी हे मोडले नाही. डोमिशियनपासून अँटोनायनस पायसपर्यंतच्या रोमन सम्राटांनी अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीतून प्रांतांची नावे आणि प्रांतदेव छापलेली नाणी काढली. इसवी सन २०० च्या सुमारास सेप्टिमियस सेव्हेरसने प्रांतांच्या मुख्य नगरांना नगरसभा दिल्या, आणि ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा बिशपही मुख्यतः त्याच नगरांत बसले. चौथ्या शतकाच्या आरंभी अस्यूतच्या, म्हणजे लायकोपोलिसच्या, मेलिटियस बिशपचे अलेक्झांड्रियाशी भांडण झाले. समेटाच्या वेळी त्याने आपल्या पक्षाच्या बिशपांची यादी सादर केली आणि ती अथानेशियसच्या लेखनात टिकून आहे. यादी गाववार आहे. तिच्यात हर्मोपोलिस आहे, कोप्टोस आहे, आणि ऑक्सिरिंकस व सायनोपोलिस या दोघांचेही बिशप आहेत.