पात्याची चीर

शाळेंत असतांना मी मुलांच्या हातीं तारेचा एक तुकडा देत असें. एकदां वांकविल्यानें तार तुटत नाहीं. पण तीच जागा पुनःपुन्हा वांकवीत राहिलें म्हणजे फारसा जोर न लावतांही तिचे दोन तुकडे होतात. धातूही थकतो, हें मुलांना तेव्हां पटे.

विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशीं जो मोठा पंखा असतो, त्याचीं पातीं मधल्या चक्राच्या खांचांत बुंध्याशीं बसविलेलीं असतात. पंखा वेगानें फिरूं लागला कीं बुंध्यावर प्रचंड ताण पडतो, इंजिन थांबलें कीं तो उतरतो. असा एक फेरा म्हणजे तारेचें एक वांकणें. म्हणून पात्याचें वय वर्षांनीं नव्हे, फेऱ्यांनीं मोजतात.

ता. २७ ऑगस्ट २०१६ रोजीं अमेरिकेंत साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचें असें एक पातें बुंध्याशीं तुटलें. विमान पेन्साकोला येथें उतरलें. प्राणहानि झाली नाहीं. इंजिन बनविणाऱ्या सीएफएम कंपनीनें पातीं ध्वनिलहरींनीं तपासण्याची शिफारस केली. ऑगस्ट २०१७ मध्यें तेथील सरकारी विमानखात्यानें ही तपासणी सक्तीची करण्याचा मसुदा काढून मतें मागविलीं. परंतु मसुदा म्हणजे हुकूम नव्हे.

ता. १७ एप्रिल २०१८ रोजीं न्यूयॉर्कहून डल्लासला निघालेल्या त्याच कंपनीच्या विमानाचें त्याच जातीचें पातें तुटलें. चोवीस पात्यांपैकीं एक! त्याचे ३२,००० हून अधिक फेरे झाले होते. आवरणाचे तुकडे उडून एक खिडकी फुटली व तेथें बसलेली प्रवासी स्त्री मृत्यु पावली. वैमानिक टॅमी जो शुल्ट्स यांनीं विमान फिलाडेल्फियास उतरविलें आणि बाकीचे १४८ जीव वांचले. तिसऱ्या दिवशीं हुकूम निघाला: ३०,००० फेरे झालेलीं पातीं वीस दिवसांत तपासा, चीर दिसल्यास पातें काढून टाका. आठ महिन्यांच्या मसुद्यानें नेमकें हेंच पातें सांपडलें असतें, असें मी म्हणत नाहीं. पण तीन दिवसांत जें होऊं शकलें, त्याला आठ महिने कां लागावे?

आपल्याकडेही हा प्रश्न आला. ऑक्टोबर २०१९ मध्यें इंडिगो कंपनीच्या एअरबस विमानांतील प्रॅट अँड व्हिटनी इंजिनें आठवड्याभरांत चार वेळां बिघडलीं. दोष मागच्या टर्बाइनच्या पात्यांचा होता. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें प्रथम अधिक वापरलेल्या सोळा विमानांना बजावलें कीं, दोहोंपैकीं निदान एक इंजिन सुधारलेलें बसवा. दोन्ही बाजूंना जुनेंच नको. मग ता. १ नोव्हेंबरला सर्व ९७ विमानांचीं इंजिनें ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्याचा हुकूम सोडला. न बदलल्यास विमान जमिनीवरच राहील. ही मुदत पुढें ३१ मेपर्यंत वाढवावी लागली. गृहपाठाला सवलत देणारा मास्तर म्हणून माझी कधींच ख्याति नव्हती; पण सुधारलेलीं इंजिनें तेवढीं मिळत नव्हतीं, म्हणजे येथें वह्याच दुकानांत नव्हत्या.