विजेची गाडी आणि सवलतीचा हिशेब

(हिमायतनगर येथील मासिक सभेतील भाषण)



विजेच्या गाड्यांवर सरकार सवलत देते. ती पडते कोणाच्या पदरात, एवढेच आज आम्ही मांडणार आहोत. आम्ही बँकेतले कारकून, त्यामुळे भाषण कमी आणि आकडे जास्त असतील.

2019 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी आयकर कायद्यात 80 ईईबी हे कलम आणले. 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात विजेच्या गाडीसाठी मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. दीड लाखाचा कर वाचतो असा पुष्कळांचा समज झाला. तसे नव्हे. वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. नवी करपद्धत घेतली तर तीही नाही.

जुन्या पद्धतीचाच हिशेब करू. स्कूटरसाठी 80 हजारांचे कर्ज, 10 टक्के व्याज, मुदत तीन वर्षे. पहिल्या वर्षाचे व्याज सात हजारांच्या आत. माणूस 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह वाचले सुमारे 1,400 रुपये. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर कर मुळातच शून्य, मग वाचणार काय? आता 30 टक्क्यांच्या टप्प्यातले साहेब घ्या. अठरा लाखांचे कर्ज काढून मोटार घेतली, तर पहिल्या वर्षी 46,800 रुपयांपर्यंत वाचले! निवृत्तीच्या पैशातून रोखीने गाडी घेणाऱ्याला काहीच नाही. ऑफिसच्या पतसंस्थेचे कर्जही या कलमात बसत नव्हते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तिकडची पद्धत ठाऊक असेल. तिथे 7,500 डॉलरपर्यंतची रक्कम थेट करातून कमी होई आणि 2023 पासून नव्या गाडीसाठी उत्पन्नाची मर्यादाही होती : एकट्याला दीड लाख डॉलर, जोडप्याला तीन लाख. 30 सप्टेंबर 2025 नंतर खरेदीला ती सवलत बंद झाली, ते राजकारण निराळे.

आपल्या खऱ्या उपयोगाची सवलत दिली तेलंगण सरकारने. 2020 च्या धोरणात ती पहिल्या 2 लाख दुचाकी आणि 5 हजार खासगी मोटारींपुरती होती. 18 नोव्हेंबर 2024 पासून संख्येची अट काढून रस्ताकर व नोंदणी शुल्क पूर्ण माफ केले, 31 डिसेंबर 2026 पर्यंत. 2022 च्या दराने लाखाच्या पेट्रोल स्कूटरला 12 हजार कर पडे. विजेच्या स्कूटरला तो वाचतो, मग तुम्ही आयकर भरा वा न भरा, कर्ज घ्या वा न घ्या. (नांदेड-लातूरहून गाडी आणण्याचा विचार असेल तर थांबा, खरेदी आणि नोंदणी तेलंगणातलीच हवी.)

मात्र त्याच 2022 च्या दराने 40 लाखांच्या मोटारीला सात लाखांवर माफी मिळते. हे आम्हाला पटत नाही. महाराष्ट्रात मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. निदान सुचवला तरी!

परिवहनमंत्र्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही आणला आहे. दुचाकी आणि ऑटोरिक्षांची माफी मुदतीनंतरही चालू ठेवावी, महाग मोटारींना मर्यादा घालावी, आणि जुन्या अपार्टमेंटांत तळमजल्यावर चार्जिंगची जोडणी सुलभ करावी, या तीनच मागण्या आहेत. सह्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. चहाआधी सही करावी. चहानंतर कोण थांबते ते आपण दर महिन्याला पाहतोच.