राजमाता विजयाराजे शिंदे : कारकीर्द आणि एक अवघड पान

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दिल्लीच्या सार्वजनिक जीवनातील मराठी कर्तृत्व, असा विषय या व्याख्यानमालेसाठी ठरला, तेव्हा काकासाहेब गाडगीळ, चिंतामणराव देशमुख ही नावे साहजिकच पुढे आली. मी नाव सुचविले ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांचे. दोन शंका लगेच निघाल्या. पहिली, त्या जन्माने मराठी कुठे होत्या? दुसरी थोड्या दबक्या आवाजात आली: शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला? पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. दुसरीसाठी मला हे संपूर्ण व्याख्यान लागणार आहे.

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ रोजी सागर येथे झाला. नाव लेखा दिव्येश्वरी. आजोळ नेपाळच्या राणा घराण्याचे. आई बाळंतपणातच गेली आणि आजीने त्यांना वाढविले. शिक्षण बनारसच्या वसंत कॉलेजात आणि लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात झाले. त्या काळी राजघराण्याशी संबंधित मुलीला असे महाविद्यालयीन शिक्षण मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती, हे आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी महाराज जिवाजीराव शिंदे यांच्याशी विवाह झाला आणि मराठा रिवाजाप्रमाणे त्या विजयाराजे झाल्या. महादजींच्या घराण्याची सून मराठी नव्हे, असे म्हणणे आपल्यापैकी ज्यांचे माहेर-सासर ग्वाल्हेरच्या लष्करात आहे त्यांना तरी पटणार नाही. शिवाय आपल्या वसाहतीला लागून असलेल्या सरोजिनी नगरात सिंदिया व्हिला आहे. त्या अर्थाने त्या आपल्या शेजारीणही होत्या.

राजकारणात त्या आल्या त्या काँग्रेसकडून, याचे आजच्या तरुण पालकांना आश्चर्य वाटेल. जिवाजीराव मध्य भारताचे राजप्रमुख होते आणि त्यांचा ओढा हिंदू महासभेकडे आहे, अशी दिल्लीत समजूत होती. गुना मतदारसंघातून १९५२ मध्ये हिंदू महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे निवडून आले होते. राजघराण्याविषयीचा संशय दूर करण्यासाठी महाराणी दिल्लीस पंडित नेहरूंना भेटावयास आल्या आणि भेटींच्या अखेरीस स्वतःच काँग्रेसच्या उमेदवार ठरल्या. १९५७ मध्ये गुन्यातून त्या लोकसभेत आल्या. १६ जुलै १९६१ रोजी जिवाजीरावांचे निधन झाले. विजयाराजे तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. पाच अपत्ये, धाकटी मुलगी अवघी सात वर्षांची. पुढल्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्यांनी ग्वाल्हेरमधून निवडणूक लढविली आणि जिंकली. ज्या समाजात विधवेने वर्षभर उंबरठा ओलांडू नये असा दंडक होता, त्या समाजातील ही गोष्ट आहे.

१९६७ हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले वर्ष. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे बिनसले होते. आदल्या वर्षी ग्वाल्हेरला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुरावा टोकाला गेला. काँग्रेस सोडून त्यांनी लोकसभेची निवडणूक स्वतंत्र पक्षाकडून गुन्यातून आणि विधानसभेची जनसंघाकडून करेऱ्यातून लढविली. दोन्ही जिंकल्या, लोकसभेची जागा सोडली (ती पुढे पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानींना मिळाली) आणि जुलैमध्ये काँग्रेसचे छत्तीस आमदार फोडून मिश्र यांचे सरकार पाडले. मुख्यमंत्रिपद त्यांच्या हाताशी होते, ते त्यांनी गोविंद नारायण सिंह यांना दिले. या प्रसंगाचे वर्णन पुष्कळ जण कौतुकाने करतात. पदाचा त्याग कौतुकास्पद खराच. आमदार फोडण्याच्या कौशल्याचे कौतुक मात्र नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या बाईला करवत नाही. अशाच उद्योगांना आवर घालण्यासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा करावा लागला.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगते. १९७१ मध्ये इंदिराजींची लाट असताना त्या भिंडमधून जनसंघाच्या तिकिटावर विजयी झाल्या. आणीबाणीत त्यांना अटक झाली आणि तिहारच्या कारागृहात ठेवण्यात आले. सत्ताधाऱ्यांशी जुळवून घेऊन सुटका करून घेणारे त्या काळात थोडे नव्हते. राजमाता त्यांतल्या नव्हत्या. १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. १९८० मध्ये रायबरेलीत थेट इंदिरा गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या त्या उपाध्यक्षा झाल्या. नव्या पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला तेव्हा त्याला उघड विरोध करण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले त्यांत त्या अग्रभागी होत्या. १९८९ पासून १९९८ पर्यंत गुन्यातून सलग चार वेळा निवडून आल्या. एकूण आठ लोकसभा निवडणुका त्यांनी जिंकल्या. अयोध्येच्या आंदोलनात त्या पहिल्या फळीत होत्या. स्वतःचा मुलगा काँग्रेसमध्ये गेल्यावर झालेला दुरावाही त्यांनी झाकून ठेवला नाही. २५ जानेवारी २००१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्या परंपरावादी होत्या, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. पूजा, व्रते, धर्माचार्यांचा शब्द यांवर त्यांची निष्ठा होती. अशा माणसाविषयी मला आदर वाटतो, कारण मते बदलत्या वाऱ्याप्रमाणे बदलणारे लोक आपण या शहरात रोज पाहतो. परंतु या निष्ठेने त्यांना एकदा अशा ठिकाणी नेऊन उभे केले की तेथे त्यांच्यासोबत उभे राहणे मला शक्य नाही.

४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातील देवराला गावी रूपकंवर ही अठरा वर्षांची विवाहिता पतीच्या चितेवर जळाली. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. उच्च न्यायालयाची मनाई असूनही बाराव्या-तेराव्या दिवशी तेथे चुनरी महोत्सव झाला आणि लाखो लोक लोटले. १८२९ पासून बंदी असलेल्या प्रथेसाठी १९८७ मध्ये पुन्हा नवा केंद्रीय कायदा करावा लागला. त्यात सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. या वेळी राज्यसभेच्या सदस्य आणि एका राष्ट्रीय पक्षाच्या उपाध्यक्षा असलेल्या राजमातांनी परंपरेची बाजू घेतली. बळजबरी वाईटच, पण स्वेच्छेने सती जाणाऱ्या स्त्रीला कायद्याने अडवू नये, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांच्याच पक्षातील भैरोंसिंह शेखावत, जे स्वतः राजपूत, त्यांनी आपल्या समाजाचा रोष पत्करून या प्रथेला विरोध केला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हा इतिहास सांगत होते. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, मग त्या स्वतः का नाही गेल्या?” वर्ग हसला. मी हसले नाही. प्रश्नात उद्धटपणा नव्हता, त्या मुलीला खरोखरच कळत नव्हते. तिला त्या दिवशी जे सांगितले तेच जरा विस्ताराने आज सांगते.

राजमाता सती गेल्या नाहीत, त्यांनी निवडणूक लढविली. त्यांच्यापुढे वाटा होत्या. शिक्षण होते, संपत्ती होती, मुले होती, लोकांचे प्रेम होते. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी जी निवड केली ती खऱ्या अर्थाने स्वेच्छेची होती. देवराल्याच्या मुलीपुढे यांतले काय होते? अठरा वर्षांचे वय, सासरचे अंगण, भोवती जमाव आणि हातात काहीही नाही. या दोघींच्या बाबतीत ‘स्वेच्छा’ हा एकच शब्द वापरणे मला अन्यायाचे वाटते. राजमातांना ही तफावत दिसली नाही, की दिसूनही परंपरेपुढे गौण वाटली, हे ठरविण्याचा अधिकार माझा नाही. पण १९५६ मध्ये ग्वाल्हेरच्या मुलींसाठी सिंधिया कन्या विद्यालय उभारणारी स्त्री ती हीच, हे मी मुलींना आवर्जून सांगते. त्या विद्यालयातून शिकून निघालेल्या मुलींना सतीचा महिमा कोणी पटवू पाहिला असता, तर त्यांनी बाईंनाच प्रतिप्रश्न केले असते, अशी माझी खात्री आहे.

आणि परंपरा म्हणायची तर शिंदे घराण्याची स्वतःची परंपराही पाहू. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई, कागलकर घाटग्यांची लेक, यांनी त्यानंतर सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार चालविला. शेजारच्या इंदूरला अहिल्याबाईंना पती खंडेराव कुंभेरीस पडल्यावर, १७५४ मध्ये, सासरे मल्हाररावांनी सती जाण्यापासून परावृत्त केले. तसे झाले नसते तर काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट आणि देवळे कोणी बांधली असती? आणि ज्यांचे नाव आपल्या वसाहतीला आहे त्या राणी लक्ष्मीबाई. गंगाधररावांच्या निधनानंतर त्या चितेकडे वळल्या नाहीत, दत्तकाच्या हक्कासाठी भांडल्या आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या. तेव्हाचे शिंदे महाराज इंग्रजांच्या बाजूने होते. राणीची समाधी त्यांच्याच शहरात, फुलबागेत आहे. मराठी विधवेची ही परंपरा राजमातांच्या घरात, दारात आणि डोळ्यांसमोर होती.

येथे आपण सर्वांनी थोडे अस्वस्थ व्हावे, अशी माझी इच्छा आहे. देवराला राजस्थानात आहे, म्हणून महाराष्ट्राची मंडळी निःश्वास सोडतात. परंतु १७७२ मध्ये थेऊरला थोरल्या माधवरावांबरोबर रमाबाई सती गेल्या. त्यांच्या वृंदावनापुढे आपण हात जोडतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्ये आली आणि तिची शेवटची पाने वाचून आमच्या आधीच्या आणि आमच्याही पिढीने डोळे पुसले. मीही पुसले आहेत. त्या अश्रूंत पतीपत्नींच्या प्रेमाविषयीचा गहिवर किती आणि चितेविषयीचा आदर किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. राजमातांवर टीका करणाऱ्या मराठी माणसाने ते आधी काढून पाहावे. शाळेच्या सहलीत थेऊरला गेलो की मी मुलांना चिंतामणीचे दर्शन घडविते, वृंदावनही दाखविते, आणि रमाबाईंचे वय किती असेल ते विचारते. त्यापुढे मला फारसे बोलावे लागत नाही.

काही पालकांनी मला प्रेमाने सुचविले की मोठ्या माणसांचे दोष मुलांपुढे मांडू नयेत, त्यांची श्रद्धा ढळते. मला अनुभव उलटा आहे. ज्या राजमाता तिहारमध्ये झुकल्या नाहीत त्यांच्याच सती-समर्थनाविषयी बोलले की मुले अधिक लक्ष देऊन ऐकतात, कारण आता त्यांच्यापुढे एक माणूस असतो. तसबीर भिंतीवरच राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त शंभर रुपयांचे नाणे निघाले. नाण्याच्या लहानशा वर्तुळात फक्त चेहरा मावतो. उरलेले काम शिक्षकांचे.

एक नोंद राहिली. डिसेंबर २००३ मध्ये राजमातांच्या कन्या वसुंधरा राजे राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. देवराला ज्या राज्यात आहे, त्याच राज्याच्या.

आता एक विनंती. मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने लिहिलेले राजमातांचे इंग्रजी आत्मचरित्र आणि त्यांचे हिंदी आत्मकथन आपल्या ग्रंथालयात ठेवण्याचा मानस आहे. ज्यांच्याकडे प्रती असतील त्यांनी कळवावे. तसेच ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी १९६७ च्या निवडणुकीच्या किंवा आणीबाणीतील ग्वाल्हेरच्या आठवणी आजी-आजोबांकडे असतील, त्यांनी त्या लिहून कार्यालयात आणून द्याव्यात. देवराल्याच्या वेळी दिल्लीतील मोर्चांत गेलेल्या माजी विद्यार्थिनींनीही, आणि त्या वेळी राजमातांची बाजू पटलेल्यांनीही. दोन्ही पाने दहावीच्या इतिहास-प्रकल्पात शेजारी शेजारी लावण्याचे ठरविले आहे.